कृत्तिकांमधला दुर्लक्षित तारा

आकाशातल्या कृत्तिका नक्षत्राला जपानी भाषेत ‘सुबारू’ म्हणतात. त्या शब्दाला एकत्र येणे, एका सूत्रात बांधले जाणे अशीही छटा आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला या पुंजक्यात साधारणपणे सहा तारे दिसतात. आपल्याकडे कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा माता त्या याच. सुबारू या मोटार कंपनीच्या बोधचिन्हावरही सहाच तारे आहेत. एक मोठा तारा म्हणजे १९५३ मध्ये स्थापन झालेली फुजी हेवी इंडस्ट्रीज आणि पाच लहान तारे म्हणजे तिच्यात विलीन झालेल्या पाच कंपन्या. या नक्षत्रातला सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे अल्सिओन. १९९१ मध्ये कंपनीने आपली आजवरची सर्वांत महागडी, सर्वांत वेगवान आणि सर्वांत देखणी मोटार बाजारात आणली, तेव्हा जपानमध्ये तिचे नाव ठेवले ‘अल्सिओन एसव्हीएक्स’. इतर देशांत ती नुसती ‘एसव्हीएक्स’ म्हणून विकली गेली. पाच-सहा वर्षांत तिचे उत्पादन थांबले, आणि नावातल्या तेजाचा मागमूसही न राहता ती विस्मृतीत गेली.

मोटारींच्या इतिहासात अपयशी गाड्यांची वाण नाही. त्यातल्या बहुतेक गाड्या मुळातच सुमार होत्या, म्हणून त्या विसरल्या गेल्या याचे कुणाला दुःख नाही. एसव्हीएक्सची गोष्ट मात्र निराळी आहे. ही गाडी वाईट नव्हती. तिच्याबद्दल फारसे वाईट लिहिलेही गेले नाही. ती बाजारात आली तेव्हा मोटारविषयक मासिकांनी तिच्या चाचण्या घेतल्या, चार बरे शब्द लिहिले आणि पान उलटले. पुढे ‘नव्वदच्या दशकातल्या श्रेष्ठ जपानी स्पोर्ट्‌स कार’ अशा याद्या निघू लागल्या, तेव्हा होंडाची एनएसएक्स, टोयोटाची सुप्रा, निस्सानची ३००झेडएक्स आणि माझदाची आरएक्स-७ या चौघींची आरती पुनःपुन्हा झाली. एसव्हीएक्सचे नाव बहुधा तळटीपेतही आले नाही. अशी गाडी आज बाळगणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

फुजी हेवी इंडस्ट्रीजची मुळे नाकाजिमा या विमान कंपनीत आहेत. चिकुहेई नाकाजिमा यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बनवली. युद्धानंतर विमाने बनवण्यास बंदी आली आणि कंपनीचे तुकडे झाले. हाताशी उरलेल्या अभियंत्यांनी ‘रॅबिट’ नावाची स्कूटर बनवली. तिच्या सुरुवातीच्या नमुन्याला बॉम्बर विमानाच्या शेपटीखालचे चाक वापरले होते. विमानाच्या कारखान्यात घडलेल्या माणसांनी मोटारी बनवायला घेतल्या की त्यांचे डोके इतरांपेक्षा वेगळे चालते. सुबारूने १९६६ पासून आडव्या सिलिंडरचे इंजिन अंगीकारले आणि १९७० च्या दशकात चारही चाकांना शक्ती देणारी साधी प्रवासी मोटार आणली. बर्फाळ डोंगराळ भागातले शेतकरी, पशुवैद्य, पोस्टमन असा तिचा ग्राहकवर्ग तयार झाला. अमेरिकेत तर सुबारू म्हणजे खेड्यातल्या शाळामास्तरांची गाडी अशीच ख्याती होती. टिकाऊ, उपयोगी आणि काहीशी विक्षिप्त.

या प्रतिमेतून बाहेर पडण्याची कंपनीची धडपड जुनी होती. १९८५ मध्ये तिने एक्सटी नावाची पाचरीच्या आकाराची दोन दरवाजांची मोटार आणली. जपानमध्ये तिलाच प्रथम ‘अल्सिओन’ हे नाव मिळाले. ती काही फार चालली नाही. परंतु तो काळ जपानी अर्थव्यवस्थेच्या फुगवट्याचा होता. टोकियो शेअर बाजाराचा निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर जाऊन पोहोचला. तो टप्पा पुन्हा ओलांडायला २०२४ साल उजाडावे लागले. पैसा स्वस्त होता आणि प्रत्येक मोटार कंपनीला आपले तंत्रकौशल्य जगाला दाखवायचे होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या टोकियो मोटार प्रदर्शनात सुबारूने एसव्हीएक्सचा नमुना मांडला. प्रदर्शनातले नमुने आणि प्रत्यक्ष विकली जाणारी गाडी यांचे नाते बहुधा वधू-वर सूचक मंडळातल्या फोटोसारखे असते. इथे मात्र जवळजवळ तोच आकार, त्याच काचांसह, दोन वर्षांनी दुकानात आला.

हा आकार ज्योर्जेत्तो ज्युजारो यांचा. इटलीतल्या या संकल्पकाचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नसले, तरी त्यांच्या हातची कामे भारतीय वाचकाने रस्त्यावर पाहिलेली आहेत. मुंबई-पुण्यात एके काळी दिसणारी फियाट उनो त्यांचीच, आणि देवूची मॅटिझही त्यांच्याच इटालडिझाइन या संस्थेतून आलेली. जगाला ते अधिक ठाऊक आहेत ते १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमुळे आणि पोलादी अंगाच्या डिलोरियनमुळे.

एसव्हीएक्सकडे पाहताच नजर जाते ती तिच्या काचांवर. लढाऊ विमानाच्या चालककक्षावर जसा पारदर्शक घुमट असतो, तशी या गाडीच्या खांद्यापासून वरचा सारा भाग काचेचा असल्याचा भास होतो. छताचे खांब काळ्या काचेआड लपवलेले आहेत आणि दारांची काच वर जाता जाता छतात वळते. आता इथे एक साधी भौमितिक अडचण येते. नेहमीच्या मोटारीत खिडकीची काच दारात खाली सरकते, कारण ती जवळजवळ सपाट किंवा एकाच हलक्या वळणाची असते. छतात वळलेली काच दाराच्या पोटात उतरूच शकत नाही. म्हणून ज्युजारो यांनी काचेचे दोन भाग केले. वरचा वळणदार भाग कायमचा बसवलेला आणि खालच्या भागात एक लहानशी उघडणारी खिडकी. खिडकीतली खिडकीच म्हणा ना! अशीच युक्ती डिलोरियनमध्येही होती, कारण तिची दारे छतासकट वर उघडत.

या खिडकीने गाडीचे बरेचसे भवितव्य ठरवले. कोपर बाहेर टाकून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांना ती कोंदट वाटली. परीक्षकांना थट्टेसाठी आयता विषय मिळाला. तिचा फायदा मात्र पावसात गाडी चालवल्यावरच कळतो. वरची काच छपरासारखी पुढे आलेली असल्याने पाऊस चालू असतानाही लहान खिडकी उघडी ठेवता येते आणि मोठ्या वेगातही वाऱ्याचा गोंगाट आत येत नाही. कोरड्या चाचणीमार्गावर अर्धा दिवस गाडी पळवणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

बॉनेटखाली होते ३३१८ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. सामान्य मोटारीत सिलिंडर उभे असतात. सुबारूच्या इंजिनात ते आडवे, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे निजवलेले असतात आणि समोरासमोरचे दट्टे मुष्टियोद्ध्यांसारखे एकाच वेळी बाहेर व एकाच वेळी आत येतात. म्हणूनच या रचनेला ‘बॉक्सर’ म्हणतात. समोरासमोरच्या हालचाली परस्परांचे धक्के खोडून काढतात, त्यामुळे असे सहा सिलिंडरचे इंजिन स्वभावतःच समतोल असते. शिवाय सारे वजन जमिनीलगत राहते. अशाच रचनेचे इंजिन पोर्श ९११ मध्ये आहे आणि त्याच्या घरघरीवर लोक लाखो रुपये उधळतात. सुबारूने या इंजिनासाठी फार मोठा घाट घातला नव्हता. लेगसी या प्रवासी मोटारीत २२१२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. एका सिलिंडरचे आकारमान ५५३ घनसेंटिमीटर. त्याच मापाचे आणखी दोन जोडले की बरोबर ३३१८ होतात. अमेरिकेतल्या गाडीत त्याची ताकद २३० अश्वशक्ती होती, जपानमध्ये २४०. टर्बो नाही, कसली भानगड नाही. या साधेपणामुळेच, बाकीची गाडी खिळखिळी झाली तरी इंजिन ठणठणीत, असा अनुभव मालकांना पुढे येत गेला.

या सरळ घोड्याला जुंपले ते मात्र नाजूक गाडीला. एसव्हीएक्स फक्त चार गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळत असे. हाताने गिअर टाकण्याची सोय कुठल्याही देशात, कुठल्याही किमतीला नव्हती. सुबारूपाशी इतका जोर सहन करणारा हाताचा गिअरबॉक्स तेव्हा नव्हता आणि चालवणारा आरामाला महत्त्व देणारा असेल असा कंपनीचा हिशेब होता. गाडीचे स्वरूप पाहता तो हिशेब चुकीचा नव्हता. १६०० किलोच्या आसपास वजन, चारही चाकांना शक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला सुमारे साडेसात सेकंद, कमाल वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर आणि वाऱ्याला विरोध अवघा ०.२९, ही लक्षणे वळणावळणांच्या घाटात शर्यत लावणाऱ्या गाडीची नव्हेत. दोन माणसे आणि सामान घेऊन बर्फात, पावसात, रात्री पाचशे किलोमीटर न थकता कापणाऱ्या गाडीची ती लक्षणे आहेत. युरोपात अशा गाडीला ‘ग्रँड टूरर’ म्हणतात आणि तिने स्वयंचलित असणे कमीपणाचे मानत नाहीत. पण सुबारूच्या बिल्ल्यावर कुणी ग्रँड टूरर शोधायला गेले नाही आणि दोन दरवाजांच्या जपानी गाडीकडे परीक्षकांनी स्पोर्ट्‌स कारच्याच फूटपट्टीने पाहिले. त्या पट्टीवर तिचे आकडे सुप्रा किंवा ३००झेडएक्स टर्बोच्या मागे पडले, हे ओघानेच आले.

काळही उलटा फिरला. गाडी बाजारात आली तेव्हा जपानी फुगा फुटलेला होता. अमेरिकेत सुरुवातीला २५ हजार डॉलरच्या आत मिळणारी ही गाडी येनची किंमत चढत गेल्याने महाग होत गेली. १९९० मध्ये एका डॉलरला सुमारे १४५ येन पडत. एप्रिल १९९५ मध्ये ८० देखील पडेनात. जपानमध्ये बनून डॉलरमध्ये विकल्या जाणाऱ्या वस्तूचे याहून वाईट काय व्हायचे? १९९४ मध्ये अमेरिकेत केवळ पुढच्या चाकांना शक्ती देणारी स्वस्त आवृत्ती काढण्यात आली. चार चाकांची शक्ती हेच जिचे वैशिष्ट्य, त्या गाडीचे ते काढून घेणे म्हणजे पुरणपोळीतले पुरण काढून ती स्वस्तात विकण्यासारखे होते. ती खपली नाही यात नवल नाही. सर्व देश मिळून सुमारे २४ हजार गाड्या बनल्या, त्यांतल्या १४ हजारांच्या आसपास अमेरिकेत गेल्या. प्रत्येक गाडीमागे कंपनीला सुमारे तीन हजार डॉलरचा तोटा झाला असे सांगितले जाते.

दुर्लक्षाचे आणखी एक कारण घरातच जन्मले. १९९२ मध्ये सुबारूने इंप्रेझा आणली. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे या स्कॉटिश चालकाने त्या गाडीतून जागतिक रॅली विजेतेपद जिंकले आणि सलग तीन वर्षे कंपन्यांचे विजेतेपदही सुबारूकडे राहिले. निळ्या रंगाची, सोनेरी चाकांची, चिखल उडवणारी इंप्रेझा म्हणजेच सुबारू, हे समीकरण पक्के झाले. धाकट्या बहिणीने मैदान गाजवल्यावर सुगृहिणी थोरलीकडे कोण पाहणार? पत्रकारांना गोष्ट हवी असते आणि इंप्रेझाची गोष्ट सोपी होती.

इथपर्यंतची कथा इतिहासाची झाली. दुर्लक्षाचा खरा परिणाम दिसतो तो त्यानंतर, जुन्या गाड्यांच्या बाजारात, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ज्या गाडीबद्दल लिहिले जाते तिला मागणी राहते. मागणी असली की भाव टिकतो, भाव टिकला की दुरुस्तीवर पैसे घालणे मालकाला परवडते. दुरुस्ती होत राहिली की सुटे भाग बनवणारे पुढे येतात आणि त्यामुळे गाडी आणखी काही वर्षे जगते. पोर्श ९११ चे नेमके हेच झाले. जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही तिचा प्रवास याच्या बरोबर उलटा. भाव कोसळतो, गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती जाते. ज्याने ती दोन-तीन हजार डॉलरला घेतली त्याला तितक्याच रकमेचा गिअरबॉक्स बसवणे मूर्खपणाचे वाटते. तो ऑइल बदलणेही टाळतो. गाडी रस्त्यात बंद पडते आणि ‘ती गाडी कटकटीचीच’ ही ख्याती पसरते. ख्यातीने भाव आणखी उतरतो. शेवटी एके दिवशी टोचन लावून तिला भंगारात नेले जाते. एसव्हीएक्सच्या बाबतीत हे चक्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे दोन दशके फिरत राहिले.

या चक्राचा आस म्हणजे तिचा गिअरबॉक्स. स्वयंचलित गिअरबॉक्समधले तेल तीन कामे करते. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते, आतल्या क्लचच्या चकत्यांवर दाब देऊन त्या घट्ट धरते आणि निर्माण झालेली उष्णता वाहून नेते. एसव्हीएक्सचा गिअरबॉक्स मुळात हलक्या लेगसीसाठी आखलेल्या मालिकेतला. त्याच्यावर अधिक वजन आणि बराच अधिक जोर आला. तेल थंड करण्याचे काम रेडिएटरच्या पोटातली एक छोटी नळी करत असे, म्हणजे तापलेल्या इंजिनाच्या पाण्यानेच तेल थंड करायचे. तेल वाजवीपेक्षा तापले की पातळ होते आणि त्याचे गुण जातात, दाब कमी पडतो, चकत्या घसरू लागतात. घसरल्या की आणखी उष्णता निर्माण होते आणि झिजलेल्या चकत्यांचा चुरा तेलाच्या वाटा बुजवतो. मालकाला आधी एवढेच जाणवते की गिअर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग निघते. तो क्षण लांबत गेला, तेल तपकिरी होऊन त्याला करपल्याचा वास येऊ लागला, की फार काळ उरलेला नसतो.

जाणत्या मालकांनी यावर शोधलेला उपाय तसा साधाच आहे. रेडिएटरसमोर तेलासाठी स्वतंत्र, वाऱ्याने थंड होणारा कूलर बसवायचा आणि तेल वेळापत्रकाची वाट न पाहता बदलत राहायचे. हे सुरुवातीपासून केलेल्या गाड्या मूळच्याच गिअरबॉक्सवर लाखो किलोमीटर धावल्या. म्हणजे दोष होता तो असाध्य नव्हता. वेळेवर सांगणारे कुणी नव्हते. ज्या गाडीला वाचक आणि लेखक असतात तिच्या अशा खोडी दोन-तीन वर्षांत सर्वतोमुखी होतात आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही ठाऊक होतात. इथे ती माहिती काही थोड्या मालकांपुरतीच राहिली.

गिअरबॉक्स गेलाच तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे तसाच दुसरा मिळवून, उघडून, नव्या चकत्या घालून बसवणे. दुसरा अधिक धाडसाचा. सुबारूच्या त्या पिढीतल्या इंजिनांची मागची बाजू सारखीच असल्यामुळे लेगसीचा किंवा इंप्रेझाचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स या इंजिनाला जोडता येतो. अर्थात काम तेवढ्यावर थांबत नाही. क्लचचे पेडल आणि त्याची जोडणी हवी, संगणकाची समजूत घालायला हवी आणि मागचा डिफरन्शिअलही त्याच गुणोत्तराचा बसवायला हवा. तो तसाच ठेवला तर पुढची आणि मागची चाके निरनिराळ्या गतीने फिरू पाहतात आणि मधली यंत्रणा काही दिवसांतच मोडते. कंपनीने जी गाडी कधीच बनवली नाही ती अशा रीतीने मालकांनी आपापल्या गॅरेजात बनवली. यावरून मालकांत दोन तट आहेत. एक गट म्हणतो, गाडी अखेर जशी असायला हवी होती तशी झाली. दुसरा म्हणतो, शिल्लक राहिलेल्या मोजक्या गाड्यांना हात लावू नका. दुसऱ्या गटाचे म्हणणे वरवर कर्मठ वाटले, तरी गाड्यांची संख्या घटत चालल्यावर त्याचे वजन वाढते.

बाकीच्या तक्रारी त्यामानाने किरकोळ. मागच्या चाकांची बेअरिंगे लवकर घरघरू लागतात; सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या ब्रेकच्या चकत्या वजनाच्या मानाने लहान असल्याने तापून वाकतात आणि ब्रेक दाबताच सुकाणू थरथरते. पेट्रोल शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर, महामार्गावर दहाच्या आसपास. आडव्या इंजिनाचे स्पार्क प्लग बदलायचे तर दोन्ही बाजूंच्या फटींतून हात घालावा लागतो, आणि हे काम करणारा मेकॅनिक पहिल्या वेळी जे बोलतो ते छापण्याजोगे नसते.

खरा घोर लागतो तो काचांचा. ज्या काचांनी गाडीला तिचे रूप दिले त्याच आज तिचे मर्मस्थान आहेत. प्रत्येक बाजूला वरची वळणदार काच, खालची सरकती काच, मागची त्रिकोणी काच. यांतली एकही दुसऱ्या कुठल्या गाडीची बसत नाही. धातूचा भाग लेथवर पुन्हा घडवता येतो, रबर साच्यातून काढता येते, जुनी तार नव्याने ओढता येते. दुहेरी वळणाची कडक केलेली काच मात्र कारखान्याखेरीज बनत नाही आणि जगभरात काही हजार उरलेल्या गाड्यांसाठी असा साचा कुणी घालत नाही. मैदानावरून आलेला एखादा चेंडू किंवा चोराने मारलेला दगड, एवढ्याने ही गाडी कायमची उभी राहू शकते.

यात विम्याचा हिशेब आणखी क्रूर ठरतो. आपल्याकडे गाडीच्या विम्यात ‘आयडीव्ही’ लिहिलेली असते, म्हणजे गाडीची विमाकंपनीने मान्य केलेली किंमत, आणि ती दरवर्षी घटते. परदेशातही सर्वसाधारण पॉलिसी बाजारभावावरच चालते. दुरुस्तीचा खर्च त्या भावाच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की कंपनी गाडी संपूर्ण निकामी समजून मालकाला पैसे देते आणि गाडी घेऊन जाते. बाजारात जिला भाव नाही तिचे दार चेपले, एक काच फुटली, तरी कागदोपत्री तिचा मृत्यू होतो. मग इंजिन कितीही खणखणीत असो. यावर तोड म्हणजे जुन्या संग्राह्य गाड्यांसाठी असलेली, आधीच किंमत ठरवून घेतलेली पॉलिसी. पण ती काढण्यासाठी गाडी संग्राह्य आहे हे आधी विमाकंपनीला पटावे लागते. तिथे पुरावा म्हणून काय दाखवायचे? कुठल्या मासिकाचे मुखपृष्ठ, कुठल्या यादीतला क्रमांक? वृत्तपत्रीय उपेक्षेची किंमत इथे अक्षरशः रुपया-आणे-पैत मोजली जाते.

म्हणून एसव्हीएक्सचे मालक बहुधा एका गाडीचे मालक नसतात. एक चालणारी आणि एक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी, अशी जोडी ठेवण्याची रीत पडली आहे. दुसरीने आपले अवयव पहिलीला द्यायचे. याला काही जण निर्दयपणा म्हणतील. परंतु भंगारवाल्याकडे गेलेल्या गाडीतून एक काचही परत येत नाही. एकमेकांना न पाहिलेले मालक सरकत्या काचेच्या बदल्यात मागचा दिवा, दिव्याच्या बदल्यात सुकाणूचा पंप अशी देवघेव करतात. बारा बलुतेदारीचीच ही एक नवी तऱ्हा म्हणायची.

आपल्या वाचकाला या साऱ्याचा अनुभव घेण्याची संधी जवळजवळ नाही. सुबारूने आपल्या नावाने भारतात मोटारी विकल्या नाहीत. २००० च्या दशकात शेव्हरोलेच्या बिल्ल्याखाली काही काळ विकली गेलेली फॉरेस्टर तेवढी सुबारूची होती, आणि तिचे आडव्या सिलिंडरचे इंजिनही इथल्या फार थोड्यांच्या लक्षात आले. तीन वर्षांहून जुनी साधी मोटार आयात करण्याची वाट आपल्याकडे बंद आहे. तरीही हे दुखणे परके नाही. १.६ लिटर इंजिनाची फियाट पालिओ जीटीएक्स आठवावी. २००१ मध्ये ती आली तेव्हा ‘पेट्रोल फार पिते’ या एका वाक्याने तिचा निकाल लागला. आता नीट राखलेली एखादी मिळावी म्हणून शौकीन गावोगाव चौकशा करतात, तेव्हा बहुतेक गाड्यांचा चुरा होऊन गेलेला असतो. सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या अंगाची दोन आसनी गाडी तर कित्येकांना ठाऊकही नसेल.

अलीकडे वारे किंचित बदलले आहे. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी नियमांच्या कटकटीविना आणता येते, त्यामुळे २०१६ पासून उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या मूळ जपानी एसव्हीएक्सही तिकडे जाऊ लागल्या. त्यांतल्या चार चाकांच्या यंत्रणेत सुमारे ३६ टक्के जोर पुढे आणि ६४ टक्के मागे जातो. अमेरिकी गाडीत तो एरवी बहुतांशी पुढेच असे. ‘ग्रान टुरिझ्मो’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत लहानपणी ही गाडी पळवलेली मुले आता कमावती झाली आहेत. चांगल्या स्थितीतल्या गाडीला पूर्वीपेक्षा बरा भाव येतो, अधूनमधून एखादा लेखही ‘विसरलेले रत्न’ अशा मथळ्याखाली झळकतो. जुन्या मालकांना याचा आनंद होतो तसा थोडा धाकही वाटतो. भाव वाढला तर काच बनवायला कुणी पुढे येईल हे खरे. पण आजवर दोन-तीन हजार डॉलरमध्ये मिळणारी सुट्या भागांची गाडीही मग त्यांच्या आवाक्यात राहणार नाही.

आज ही गाडी घेऊ पाहणाऱ्याने काय बघावे, यावर जाणकारांचे मत ठाम आहे. रंग उडालेला असला तरी चालेल, आसने फाटलेली असली तरी चालेल. इंजिन थंड असताना सुरू करावे, गिअर टाकून गाडी किती वेळ घुटमळते ते पाहावे, तेलाची कांडी काढून वास घ्यावा. चाके उचलून हाताने फिरवावीत आणि घरघर ऐकावी. मागच्या चाकांच्या कमानीला आतून बोट लावावे, कारण बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत गंज तिथून सुरू होतो. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललाच नाही असे धरून चालावे. त्यानंतर सहा काचा एकेक करून तपासाव्यात, दोन्ही लहान खिडक्या पूर्ण खाली नेऊन पुन्हा वर आणाव्यात. आणि विकणाऱ्याच्या गॅरेजात कोपऱ्यात जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवलेल्या एक-दोन जादा काचा असल्या, तर घासाघीस न करता त्याही त्याच दिवशी गाडीत घालून आणाव्यात.